झालं नाही त्याची नोंद

अंबडला, वेल्डिंगच्या शेडवर काढलेल्या खोलीत
महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही जमतो.
पाच ठेकेदार कंपन्या,
एरवी एकमेकींची टेंडरं हजार-दोन हजारांनी खाणाऱ्या.
टेबलावर एकच वही, लाल कापडी बांधणीची,
किराणा दुकानात उधारी लिहितात तसली.
हिच्यात लिहायचं ठरलंय
जे होता होता राहिलं, ते.

पहिले तीन महिने वहीत काय होतं?
"हेल्मेट न घातलेला इसम. समज दिली."
"कुत्रं पायाच्या खड्ड्यात पडलं. काढलं."
बाकी चहा.
बाकी महापालिकेला शिव्या.

मी म्हटलं, गोदेला पाणी चढतं तेव्हा
भांडीबाजारात कोण विचारतं, दुकान तुझं की माझं?
दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं
की समोरचा समोरच्याला हाक देतो,
वर्षभर ज्याचं गिऱ्हाईक पळवलं
त्याचीच पातेली खांद्यावर घेऊन चढ चढतो.
गायधनी हसले.
"मॅडम, मारुती सगळ्यांना दिसतो.
माझ्या स्लॅबखालचं पाणी मी तुम्हाला कशाला दाखवू?"

बरोबर होतं त्यांचं.

चौथ्या बैठकीला खैरनार उशिरा आले.
वही ओढली, पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.
"वकील म्हणालाय, लेखी देऊ नका."
"मग तोंडी सांगा."
बराच वेळ खालून नुसता ग्राइंडर ओरडत राहिला.
"आडगाव. पहाटे तीन. स्लॅब भरून झालेला.
चार प्रॉपच्या पिना वाकल्या.
कट्कन नाही. हळू,
माणूस मान खाली घालतो तशा.
स्लॅब दोन इंच बसला. जॅक लावले. खाली कोणी नव्हतं."
"कोणीच नव्हतं?"
"एक होता. लघवीला गेला होता."

गायधनींनी कप ठेवला तो बशीच्या बाहेर.
"पिना कुठल्या?"
"सातपूरच्या. हिरवा रंग मारलेल्या."

मग जिन्यावर त्यांच्या चपला
आणि फोनवरचा आवाज:
थांबव. मखमलाबादचं थांबव.
हो, भरलेल्या गाड्यासुद्धा.
अरे कारण नंतर, आधी माणसं बाहेर काढ.

तीन मिक्सर उभे. अठरा घनमीटर काँक्रीट
ड्रममध्ये फिरत फिरत चिडत गेलं,
शेवटी मागच्या माळावर ओतलं.
अजून आहे तिथं.
पोरं त्यावर बसून मांजा सुकवतात.

पिना तपासल्या. सांगितल्याच्या निम्म्या वजनाला वाकल्या.
मग पैशावरून व्हायचं ते भांडण झालंच.
ओतलेला माल कोणाच्या खाती?
गायधनी म्हणाले, खैरनारांनी महिनाभर आधी सांगायला हवं होतं.
खैरनार म्हणाले, सांगितलं हेच चुकलं.
मी वहीत लिहीत होते.
तारीख. साइट. कारण.
"काय घडलं?" या रकान्यापाशी पेन अडलं.
लिहिलं: काही नाही.
इतकं महाग काही नाही
मी आजवर लिहिलेलं नव्हतं.

सोमवारी मखमलाबादला गेले.
त्या स्लॅबखाली ज्याची पाळी होती
तो सोमा वाघेरे, हरसूलचा,
विटेवर बसून तंबाखू मळत होता, वैतागलेला.
"मॅडम, तुमच्या वहीचं कळलं.
माझी अर्धी हाजरी बुडाली
ती कोणाच्या वहीत?"

पुढच्या बैठकीत मी पट्टीनं आणखी एक रकाना आखला.
वर काय लिहायचं यात अर्धा तास गेला.
नुकसान? भरपाई? इतर?
शेवटी ज्यांना लेखी द्यायचं नव्हतं त्या खैरनारांनी
वही स्वतःकडे ओढली आणि लिहिलं: हाजरी.
खाली पहिली रक्कम, दोनशे ऐंशी.
पाच जणांत छप्पन छप्पन.
सुट्टे कोणाकडेच नव्हते,
त्यावरून परत वाद.